हॅम कशात शिजवायचे?

युरोप-अमेरिकेत नाताळ किंवा ईस्टर जवळ आला, की पाककृतींच्या पानांवर एक जुना प्रश्न नव्याने चर्चेला येतो: सणाचे हॅम कशात शिजवायचे? इंग्लंडच्या पश्चिम भागातली माणसे सायडरचे, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाचे नाव घेतात. कोणी बिअर सुचवतो, कोणी आल्याची जिंजर बिअर. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात पांढरी वाइन लागते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत चक्क कोकाकोला ओततात. जुनी पुस्तके मात्र साधे पाणी सांगतात, आणि तेही भरपूर.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी हॅम खाल्लेले नसेल आणि अनेकांना ते खायचेही नसेल. पण या प्रश्नात मीठ, उष्णता, रंग आणि सुवास यांचा असा काही गुंता आहे, की आपल्या घरच्या लोणच्यापर्यंत त्याचे धागे पोचतात. आणि खरा प्रश्न चवीचाही नाही. ज्या द्रवात आपण पदार्थ शिजवतो तो पदार्थाला काही देतो, की त्याच्याकडून काही घेतो? हॅमच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर चक्क उलटे झाले आहे.

हॅम म्हणजे डुकराची मागची मांडी मिठात मुरवून टिकवलेली. कधी ती नंतर धुरावर धरतात, कधी नुसतीच वाळवतात. युरोपात डुकरे शरद ऋतूत ओकच्या फळांवर पुष्ट होत आणि हिवाळ्याच्या तोंडाशी मारली जात, कारण पुढे चारा नसे आणि थंडीमुळे मांस सडण्याच्या आत मीठ आतपर्यंत पोचायला अवसर मिळे. मीठ मांसातले पाणी ओढून घेते. उरलेल्या पाण्यात मिठाचे प्रमाण इतके वाढते, की सडवणाऱ्या जिवाणूंना ते पाणी वापरताच येत नाही. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवल्यावर बरणीत पाणी सुटते, ते याच परासरणामुळे.

ही रीत किती जुनी आहे? रोमन राजकारणी काटो याने इ.स.पू. १६०च्या सुमारास शेतीवर एक पुस्तक लिहिले. त्याच्या अखेरीस मांड्या खारवण्याची कृती आहे. प्रत्येक मांडीला दळलेले मीठ अर्धा मोदिउस, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे सव्वाचार लिटर! रांजणाच्या तळाशी मीठ, त्यावर मांडी, वर पुन्हा मीठ. पाच दिवसांनी खालच्या वर आणि वरच्या खाली करायच्या. एकूण बारा दिवसांनी बाहेर काढून मीठ झटकायचे, वाऱ्यावर टांगायच्या, पुसून तेल चोळायचे, दोन दिवस धुरावर धरायच्या, आणि शेवटी तेल व व्हिनेगर चोळून ठेवायच्या. बारा दिवसांचा हा आकडा लक्षात ठेवा. तो आपल्याला पुढे लागणार आहे.

मिठाबरोबर पुढे आणखी एक वस्तू आली: सोरा. हॅना ग्लास या इंग्रज लेखिकेच्या १७४७ सालच्या पाकपुस्तकात हॅमसाठी साधे मीठ, जाडी साखर आणि सोरा असे मिश्रण दिलेले आहे. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, बंदुकीच्या दारूतला मुख्य घटक. सतराव्या शतकापासून युरोपला होणाऱ्या सोऱ्याच्या पुरवठ्यात बिहारचा वाटा फार मोठा होता. गोठ्यांच्या आणि जुन्या भिंतींच्या आसपासच्या मातीत जनावरांचे मूत्र मुरते, जिवाणू त्यातल्या नायट्रोजनाचे नायट्रेट करतात, आणि उन्हाळ्यात ते मातीवर पांढऱ्या फुलोऱ्यासारखे वर येते. नोनिया समाजातले कारागीर ही माती खरवडत, पाण्यात विरघळवून गाळत आणि आटवून सोऱ्याचे स्फटिक काढत. पाटण्याला डच आणि इंग्रज कंपन्या तो विकत घेत. त्यातला बहुतेक माल तोफांच्या तोंडी गेला. थोडा स्वयंपाकघरातही पोचला.

सोऱ्याने मांस टिकते असा अनुभव होता, आणि एक गंमतही दिसत होती. साधे मांस शिजवले की करडे-तपकिरी होते, पण सोऱ्यात मुरलेले हॅम चार तास उकळले तरी गुलाबीच राहते. असे का? याचा उलगडा व्हायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले. १८९१ साली जर्मनीत पोलेन्स्के याला आढळले, की सोरा घातलेल्या खाऱ्या पाण्यात काही दिवसांनी नायट्राइट तयार झालेले असते. ते जिवाणूंचे काम. १८९९ साली लेहमान याने दाखवले, की रंग नायट्रेटमुळे नव्हे तर नायट्राइटमुळे येतो. आणि १९०१ साली जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने साखळीतला पुढचा दुवा जोडला: नायट्राइटपासून निघणारा नायट्रिक ऑक्साइड रक्तातल्या लाल द्रव्याशी जोडला जातो, आणि तापवल्यावर त्यापासून जे संयुग बनते त्याचा लाल रंग उकळूनही जात नाही. मांसात हे काम मुख्यतः मायोग्लोबिन करते, हे पुढे स्पष्ट झाले. (हॉल्डेन नाव ओळखीचे वाटले असेल. भारताचे नागरिकत्व घेऊन १९६४ साली भुवनेश्वरला निधन पावलेले जे. बी. एस. हॉल्डेन हे यांचेच चिरंजीव.) नायट्राइटची दुसरी बाजूही सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली असे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. गट पहिला म्हणजे पुरावा पक्का. धोका तंबाखूइतका मोठा, असा त्याचा अर्थ नव्हे.

तर असे हे आठवडेच्या आठवडे मिठात मुरलेले, दगडासारखे हॅम सणाच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात येई. ते तसेच शिजवले तर तोंडात घालवणार नाही इतके खारट. म्हणून पहिले काम चव घालण्याचे नव्हतेच, मीठ काढण्याचे होते. इझाबेला बीटन यांच्या १८६१ सालच्या प्रसिद्ध गृहव्यवस्थेच्या पुस्तकात हॅम आधी आठ ते बारा तास भिजवायला सांगितले आहे. फार वाळलेले असेल तर चोवीस तास, आणि तेही पाणी बदलत. त्यानंतर ते गार पाण्यात घालून मंद आचेवर चढवायचे. कोकणातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. खारा बांगडा कालवणात टाकण्याआधी पाण्यात घालून ठेवतातच, आणि ते पाणी फेकून देतात.

या भिजवण्यामागचे गणित पाहण्यासारखे आहे. मीठ मांसातून सरकते ते विसरणाने, म्हणजे कणांच्या दिशाहीन धडपडीतून. १८५५ साली आडोल्फ फिक याने त्याचे नियम मांडले. त्यांतून असे निघते, की दुप्पट अंतर जायला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. उष्णताही मांसातून अशाच नियमाने आत शिरते, पण फार लवकर. तेवढेच अंतर कापायला मिठाला उष्णतेच्या शंभरपटीहून जास्त वेळ लागतो. आता मोठे हॅम मध्यापर्यंत शिजायला समजा चार तास लागतात. त्याचे शंभरपट म्हणजे चारशे तास, सोळा-सतरा दिवस. काटोचे बारा दिवस आठवतात? त्याला फिक माहीत नव्हता, पण अनुभवाने तो त्याच परिसरात जाऊन पोचला होता.

याचा उलट अर्थही ध्यानात घ्या. जे मीठ आत जायला आठवडे लागले, ते चार तासांच्या उकळीत सगळे बाहेर कसे येईल? येत नाहीच. भिजवून आणि उकळून बाहेरच्या एक-दोन सेंटिमीटरचा खारटपणा उतरतो. मधला भाग खारटच राहतो. म्हणून जुन्या पद्धतीचे हॅम पातळ कापून, पावाबरोबर किंवा गोडसर चटणीबरोबर खातात.

इथे एक शास्त्रीय वाद मध्ये येतो. युस्टुस फॉन लीबिग हा एकोणिसाव्या शतकातला रसायनशास्त्राचा मोठा अधिकारी पुरुष. १८४७ साली त्याने असे प्रतिपादन केले, की मांस उकळत्या पाण्यात टाकले तर पृष्ठभागावरचे प्रथिन ताबडतोब गोठते, त्याचे कवच बनते आणि आतला रस आत राहतो. गार पाण्यात सुरुवात केली तर रस निघून जातो. इंग्रजी पाकपुस्तकांनी हे उचलून धरले. हॅम मात्र त्याच पुस्तकांत गार पाण्यातच चढत राहिले, कारण तिथे काहीतरी बाहेर जावे हाच तर हेतू होता. पुढे तोलून-मापून प्रयोग झाले तेव्हा कवचाची कल्पना टिकली नाही. मांस तापले की त्याचे तंतू आकसतात आणि पाणी पिळून बाहेर काढतात. किती पाणी जाणार हे मुख्यतः मांस आतून किती तापले यावर ठरते, पृष्ठभाग आधी गोठला की नाही यावर नव्हे. एवढा मोठा शास्त्रज्ञ चुकला, आणि स्वयंपाकिणींनी हॅमपुरते त्याचे ऐकले नाही, हे वर्गात सांगायला मला आवडते.

मग सुवासिक द्रवाची गोष्ट कुठून आली? ती नवी नाहीच. आपिकियुस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन पाककृतींच्या संग्रहात हॅम पुष्कळशी सुकी अंजिरे आणि तीन लॉरेलची पाने घालून उकळायला सांगितले आहे. (हे लॉरेल म्हणजे आपले तमालपत्र नव्हे. दोन्ही झाडे एकाच कुळातली, पण आपले तमालपत्र दालचिनीच्या जवळचे.) पण खरी मेख पुढे आहे. उकळून झाल्यावर कातडी काढायची, चौकटी-चौकटीत चिरा द्यायच्या, त्यांत मध भरायचा, तेलात मळलेल्या पिठाचे आवरण घालायचे आणि भाजायचे. द्रवाची गोडी पुरेशी आत जात नाही हे रोमन आचाऱ्याने ओळखले होते असे मला वाटते. नाहीतर चिरा देऊन मध भरायचे कारण काय?

बीटनबाईंच्या पुस्तकात साध्या कृतीच्या पाठोपाठ हॅमला उत्तम स्वाद आणण्याची वेगळी कृती येते: व्हिनेगर घातलेल्या पाण्यात काही तास भिजवणे, मग शिजताना सेलरी, सलगम, कांदे आणि सुवासिक पाला. सगळी स्वस्त सामग्री, बागेतली. ओतून द्यावी लागली तरी जीव हळहळू नये अशी. महाग वाइन खाऱ्या मांसाखाली घालणे म्हणजे ती मिठात बुडवणे. फ्रेंच आचारी एस्कॉफिए याने १९०३च्या आपल्या ग्रंथात यावर दोन टप्प्यांचा उपाय दिला आहे. हॅम आधी पाण्यात शिजवायचे, पूर्ण होण्याच्या अर्धा तास आधी काढायचे, कातडी उतरवायची, आणि मग घट्ट बसेल अशा भांड्यात मदेरा किंवा पोर्टसारखी वाइन थोडीशीच घालून मंद आचेवर ठेवायचे. काढण्याचे काम पाण्याचे, देण्याचे काम वाइनचे.

हे गणित बदलले ते बर्फाने. इंग्लंडच्या विल्टशायरमधल्या कॅल्न गावी हॅरिस कुटुंबाने १८६०च्या दशकात बर्फाने थंड ठेवलेल्या कोठारात मांस मुरवायला सुरुवात केली. थंडी आता ऋतूची बांधील राहिली नाही. मांस टिकवण्याचा अर्धा भार गारव्याने उचलला आणि मिठाचे प्रमाण खाली आणता आले. विसाव्या शतकात मिठाचे पाणी पोकळ सुयांनी थेट मांसात टोचू लागले. विसरणाची वाट पाहायलाच नको! आठवड्यांचे काम दिवसांवर आले. आज दुकानात मिळणारे बहुतेक हॅम असे सौम्य असते. ते भिजवावे लागत नाही आणि पहिले पाणी ओतून देण्याचेही कारण उरलेले नाही. तरी पुष्कळ घरांत ते अजून ओततात. कारण गेले, रीत राहिली.

पाणी ओतायचे नसेल तर मग त्या जागी काय घालायचे, हा प्रश्न तेव्हाच मोकळेपणाने विचारता आला. सायडरमध्ये सफरचंदाचे मॅलिक आम्ल आणि थोडे अल्कोहोल असते. अल्कोहोल ७८ अंशांना उकळते म्हणून ते सगळे उडून जाते असे आपण समजतो, पण पाण्यात मिसळल्यावर ते तितके सहज जात नाही. १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मापनांनुसार, मंद आचेवर अडीच तास शिजवल्यावरही मूळच्या सुमारे ५ टक्के अल्कोहोल उरते.

कोकाकोला १८८६ साली अटलांटा शहरात जॉन पेंबर्टन या औषधविक्रेत्याने बनवला. त्यात हॅम शिजवण्याची दक्षिणेकडची रीत ब्रिटनमध्ये घरोघर पोचवण्यात नायजेला लॉसन यांच्या २००१ सालच्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. नाक मुरडण्याआधी बाटलीत काय आहे ते पाहू. दोन लिटर पेयात दोनशे ग्रॅमच्या वर साखर, फॉस्फोरिक आम्ल, मसाल्यांचा सुवास. पीएच सुमारे २.५, म्हणजे लिंबाच्या रसाच्या आसपास. बुडबुडे पहिल्या काही मिनिटांतच निघून जातात. राहतो तो गोड, आंबट, मसालेदार काढा. अंजिरे आणि लॉरेल घातलेल्या रोमन पाण्याचा हा दूरचा नातेवाईकच म्हणायचा. पुढची पायरीही तीच: कातडी काढायची, चरबीला चौकटीत चिरा द्यायच्या, काकवी, साखर आणि मोहरीचा लेप लावायचा, लवंगा टोचायच्या आणि कडक भट्टीत ठेवायचे. बिनसाखरेचा कोला घेतला तर पृष्ठभागावर गोडीचा थर चढत नाही.

पण सायडर किंवा कोला आतपर्यंत जातो का? मिठाचे आयन लहान, तरी त्यांना सेंटिमीटरभर जायला तास न् तास लागतात. साखरेचे आणि सुवासाचे रेणू त्यांहून मोठे, म्हणून आणखी मंद. चार तासांत ते काही मिलिमीटर आत जातात, बस्स. हॅमच्या प्रत्येक कापाला बाहेरची एक कड असते, आणि द्रवाची चव तिथेच असते. बाकीचे काम नाक करते. घरभर पसरलेला वास आणि ती कड मिळून सगळा काप सायडरचा वाटतो.

वर्गात हे मांस न आणताही दाखवता येते. चायना ग्रास उकळत्या पाण्यात विरघळवून काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत थापा. घट्ट झाल्यावर वर लाल शाई ओता. एका तासाने रंग किती खाली उतरला ते बाहेरून पट्टीने मोजा, पुन्हा चार तासांनी मोजा. वेळ चौपट झाला, अंतर मात्र साधारण दुप्पटच भरेल. मग मुलांना विचारा, नऊ तासांनी किती?

चव खरोखर आत न्यायची असेल तर द्रव बदलण्यापेक्षा तुकडा लहान करावा. याचे उत्तम उदाहरण गोव्यात आहे. पोर्तुगीजांचा वाइन आणि लसणात मुरवलेल्या डुकराच्या मांसाचा प्रकार गोव्यात आला आणि त्याचा विंदालू झाला. वाइनची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरने घेतली आणि मिरचीची भर पडली. त्यात मांसाचे तुकडे असतात दोन-तीन सेंटिमीटरचे. मध्य सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवरच आलेला. रात्रभर मुरवले की आंबट आणि खारट मध्याच्या बरेच जवळ पोचते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पदार्थ आणखी चांगला लागतो. अख्ख्या मांडीला तेच व्हिनेगर लावून रात्रभर ठेवले असते तर ते कातडीखालीच अडले असते. लोणच्याला कैरीच्या फोडी करतात त्याही याचसाठी.

म्हणून सणाच्या अख्ख्या हॅमसाठी द्रव निवडताना, तो मांसाला काय देईल यापेक्षा नंतर त्याचे आपण काय करणार आहोत, हे पाहणे जास्त शहाणपणाचे. कारण मांसातून द्रवात खूप काही येते: मीठ, रस, कातडी आणि हाडांजवळच्या कोलॅजेनपासून झालेले जिलेटिन. बर्गंडीत ईस्टरच्या हॅमसाठी पांढऱ्या वाइनबरोबर वासराचे पायही शिजवतात, जिलेटिन वाढावे म्हणून. मग त्याच रसात हॅमचे तुकडे आणि भरपूर चिरलेली पार्सली घालून ते साच्यात गोठवतात. कापल्यावर हिरव्या पारदर्शक थरात गुलाबी तुकडे दिसतात. तिथे द्रव हा पदार्थाचा अर्धा भागच आहे. इंग्लंडमध्ये हॅमच्या पाण्यात सुके वाटाणे शिजवून सूप करतात. कोल्यात शिजवलेल्या हॅमचे उरलेले पाणी त्या कामाला फार गोड.

स्वीडनमध्ये तर २४ डिसेंबरला बुडवण्याचा दिवस असेच नाव पडले आहे. नाताळचे हॅम ज्या भांड्यात उकळले, त्यातले गरम पाणी चुलीवर तसेच ठेवतात. त्यात फार तर कांदा, मिरी आणि एखादे सुवासिक पान. घरातली माणसे भोवती जमतात आणि पावाचे तुकडे त्या खारट, चरबीच्या डोळ्यांनी चमकणाऱ्या पाण्यात बुडवून खातात. हल्ली पुष्कळ घरांत हॅम भट्टीत भाजतात, आणि भाजल्यावर पाणी उरत नाही. मग पाव बुडवण्यासाठी काही जण वेगळे पाणी करून घेतात.